रेशमी वस्त्र आणि हातचा टाका

पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवलेली रेशमी साडी एखाद्या मंगल प्रसंगी बाहेर काढावी, तिची घडी उलगडावी आणि खालच्या काठालगत, फॉल जेथे शिवलेला आहे नेमक्या तेथेच, वस्त्राला बारीक भोकांची ओळ पडलेली आढळावी, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा आहे. भिंग घेऊन त्या जागेकडे पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. शिवण उसवलेली नसते. दोरा घट्ट व अखंड असतो. फाटलेले असते ते वस्त्र. ज्या दोऱ्याने वस्त्राला आधार द्यावयाचा, त्यानेच ते कापलेले असते.

अशा वेळी रेशीम जात्याच नाजूक, असे म्हणून त्यालाच दोष दिला जातो. रेशमाचे वय झाले की ते दुबळे होते, हे खरे. परंतु इतर ठिकाणी शाबूत राहिलेले वस्त्र शिवणीपाशीच का फाटावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर सुई, दोरा आणि टाका या तीन साध्या गोष्टींत आहे. त्यासाठी प्रथम रेशमाचा तंतू कसा असतो, हे पाहिले पाहिजे.

बळकट तंतू, नाजूक वस्त्र

तुतीच्या पानांवर वाढणारा रेशमाचा किडा आपल्या डोक्याजवळील छिद्रातून जो स्राव बाहेर सोडतो, त्याचा हवेत तंतू बनतो. हा तंतू वस्तुतः जोडतंतू असतो. फायब्रोइन नावाच्या प्रथिनाचे दोन सूक्ष्म तंतू सेरिसिन या चिकट प्रथिनाने एकमेकांस जोडलेले असतात. कच्च्या रेशमाच्या वजनात सेरिसिनाचा वाटा सुमारे चतुर्थांश असतो. साबणाच्या गरम पाण्यात रेशीम शिजवले की हा डिंकासारखा भाग निघून जातो आणि मऊ, चकचकीत फायब्रोइन मागे उरते. त्याच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी, कडांशी गोलसर असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून रेशीम झळकते.

रेशमाची जाडी डेनियर या मापाने सांगतात. नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. कोशातून निघणारा एकेरी तंतू सामान्यतः दोन ते तीन डेनियरचा असतो. प्रत्येक डेनियरमागे रेशीम साधारण साडेतीन ते चार ग्रॅम ओढ सहन करते. याचा अर्थ असा की, रेशमाचा तंतू उंचावरून लोंबकळत सोडला, तर तीस किलोमीटरांहून अधिक लांबीचे स्वतःचेच वजन तो पेलू शकेल. शिवाय तुटण्यापूर्वी तो आपल्या लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका ताणला जातो. अशा तंतूला दुबळा म्हणता येणार नाही.

असे असूनही रेशमी वस्त्र नाजूक ठरते, त्याची कारणे निराळी आहेत. पहिले म्हणजे तंतू अतिशय बारीक असल्यामुळे तलम वस्त्रातील धाग्यातही थोडेच तंतू असतात. त्यांतील दोन-चार तुटले तरी धागा दुर्बल होतो. दुसरे म्हणजे कापसाचे तंतू आखूड आणि वळसे घेतलेले असल्याने एकमेकांना धरून ठेवतात. रेशमाचे तंतू शेकडो मीटर लांब आणि गुळगुळीत असल्याने विणीतील धागे एकमेकांवरून सहज सरकतात. तिसरे म्हणजे रेशीम ओढ सोसते, पण घर्षण सोसत नाही. घासल्याने तंतूचा पृष्ठभाग उकलून त्याचे सूक्ष्म धागोरे वर येतात आणि त्या जागी पांढुरकी, निस्तेज छटा दिसू लागते. चौथे म्हणजे पाण्याने भिजल्यावर रेशमाचे बळ साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी घटते. कापसाचे मात्र भिजल्यावर वाढते. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे सूर्यप्रकाश व घामातील क्षार यांच्या योगाने फायब्रोइनाच्या लांब साखळ्या हळूहळू तुटत जातात. रेशमाच्या बळाचा हा ऱ्हास बाहेरून दिसत नाही. एखाद्या दिवशी वस्त्र फाटते, तेव्हाच तो कळतो.

रेशमावर टाका घालणाऱ्या हाताला हे पाचही स्वभावदोष सांभाळावे लागतात.

सुईने धाग्यांमधून जावे

कापडात शिरताना सुई दोन प्रकारे मार्ग काढू शकते. ती विणीतील धागे बाजूस सारून त्यांच्यामधून जाईल, किंवा एखाद्या धाग्याला भोसकून त्यातील तंतू तोडील. पहिल्या प्रकारात सुई निघाल्यावर धागे बरेचसे पूर्ववत जागेवर येतात. दुसऱ्या प्रकारात झालेली हानी कायमची असते. म्हणून रेशमासाठी सुई बारीक, अगदी गुळगुळीत आणि निमुळत्या अग्राची असावी लागते. हातशिवणीच्या सुयांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. जाड्याभरड्या कापडाला पाच-सहा क्रमांकाची सुई चालते. तलम रेशमाला दहा ते बारा क्रमांकाची लागते.

सुईच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारा खरवडा असला, तरी रेशमाचा तंतू त्यात अडकतो आणि वस्त्रावर आडवी रेघ ओढली जाते. काम सुरू करण्यापूर्वी सुईचे टोक त्याच वस्त्राच्या कातरणात दोन-तीन वेळा घालून पाहावे. सुई विनाअडथळा गेली, आवाज झाला नाही, धागा ओढला गेला नाही, तर ती योग्य. तीच गोष्ट बोटांची. खरखरीत त्वचा आणि मोडलेले नख रेशमाला सुईइतकेच अपायकारक आहे.

घट्ट विणीच्या रेशमावर सुईचे छिद्र सहसा बुजत नाही. तेव्हा टाचण्या लावावयाच्या त्या शिवणीच्या आत दबणाऱ्या भागातच लावाव्यात, आणि त्या बारीक व न गंजणाऱ्या असाव्यात. कच्चा धावदोरा घालावयाचा तोही बारीक रेशमी दोऱ्याचाच असावा. तो काढताना एका टोकाला धरून सबंध ओढून काढू नये. ठिकठिकाणी कापून त्याचे लहान तुकडे उचलावेत. लांब दोरा ओढला असता तो प्रत्येक छिद्राशी घासत येतो.

दोरा वस्त्राहून दुबळा असावा

आता आरंभीच्या कोड्याकडे वळता येईल. शिवण मजबूत व्हावी म्हणून मजबूत दोरा घ्यावा, हा विचार वरवर पाहता योग्य वाटतो. परंतु शिवणीवर प्रमाणाबाहेर ओढ आली, तर दोहोंपैकी एक गोष्ट घडणारच: दोरा तुटेल किंवा वस्त्र फाटेल. दोरा तुटला तर सुईदोरा घेऊन तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. वस्त्र फाटले तर ते मूळ रूपात आणता येत नाही. कुशल रफूगारही फाटलेली जागा केवळ झाकू शकतो. म्हणून जे सहज बदलता येते, तेच आधी तुटावे, अशी योजना केली पाहिजे. घरातील विजेच्या जोडणीत फ्यूजची तार मुद्दाम नाजूक ठेवतात, ती याच न्यायाने. तार जळते आणि घर वाचते. रेशमाच्या शिवणीतील दोरा हा त्या वस्त्राचा फ्यूज होय.

यावरून दोऱ्याची निवड ठरते. रेशमाला रेशमाचाच दोरा, आणि तोही वस्त्रातील धाग्याच्या तोलाचा किंवा त्याहून किंचित बारीक, हा सामान्य नियम आहे. दोन्ही एकाच द्रव्याचे असल्याने हवेतील दमटपणाने ते सारखेच फुगतात, ओढ पडली असता साधारण सारखेच ताणले जातात आणि काळाच्या ओघात बरोबरीने जीर्ण होतात. यांतील शेवटचा गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. पॉलिएस्टरचा दोरा आज स्वस्त, रंगीबेरंगी आणि सर्वत्र उपलब्ध आहे. तो भिजल्याने दुर्बल होत नाही, घासल्याने लवकर झिजत नाही. शिवला त्या दिवशी त्याच्या आणि नव्या रेशमाच्या बळात फारसा विरोध जाणवत नाही. पण रेशमाचे बळ वर्षांगणिक घटत जाते आणि दोऱ्याचे जवळजवळ तेवढेच राहते. दोहोंमधील अंतर वाढत जाऊन, पहिल्या वर्षी निरुपद्रवी असलेला दोरा पंचवीस वर्षांनी करवतीसारखा होतो. पेटीतील साडीला भोकांची ओळ पडते ती बहुधा यामुळेच.

रंगीत रेशमी दोरा वापरण्यापूर्वी त्याचा रंग उतरत नाही ना, हे तपासावे. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून ठेवला की ही परीक्षा होते.

दोरा आखूड का घ्यावा

अनुभवी शिवणकाम करणारे रेशमी दोरा हातभरच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, घेतात. पुनःपुन्हा सुई ओवावी लागू नये म्हणून लांब दोरा घेण्याचा मोह नवख्याला होतो. येथे थोडे गणित उपयोगी पडते.

धावदोऱ्याचा प्रत्येक टाका ३ मिलिमीटरांचा धरू. ४५ सेंटिमीटरांपैकी १० सेंटिमीटर सुई धरण्यासाठी व शेवट बंद करण्यासाठी सोडले, तर ३५ सेंटिमीटर दोरा प्रत्यक्ष शिवणीत जातो. त्याचा पहिला भाग एक-दोन छिद्रांतून जाऊन जागेवर स्थिर होतो. पण सुईकडील शेवटचा भाग आधीच्या प्रत्येक छिद्रातून ओढला जात जात, सुमारे ११७ वेळा कापडातून पार होतो. दोरा दुप्पट, म्हणजे ९० सेंटिमीटर, घेतला तर त्यातील ८० सेंटिमीटर शिवणीत जातो आणि त्याच्या शेवटच्या भागाला सुमारे २६७ वेळा हा प्रवास करावा लागतो. लांबी दुप्पट केली, तर घर्षण दुपटीहून अधिक झाले. घर्षण हे रेशमाचे मर्मस्थान असल्याने शिवणीचा अखेरचा भाग आरंभीच्या भागाहून झिजलेल्या, उकललेल्या दोऱ्याने शिवला जातो. तेवढ्याच वेळा वस्त्रातील धागेही घासले जातात, हे वेगळेच.

दोऱ्याला गुंता होतो त्याचेही कारण साधे आहे. टाका घालताना बोटांत सुई नकळत थोडी फिरते आणि प्रत्येक वेळी दोऱ्याचा पीळ वाढतो किंवा उकलतो. आठ-दहा टाक्यांनंतर सुई खाली लोंबकळती सोडली, की ती आपोआप उलट फिरून पीळ मूळ स्थितीस येतो. दोऱ्यावर किंचित मेण फिरवल्यानेही गुंता कमी होतो. मात्र जादा मेण इस्त्रीच्या उष्णतेने वितळून रेशमावर डाग पाडते. म्हणून मेण लावलेला दोरा आधी कागदात धरून कोमट इस्त्रीने दाबून घ्यावा.

टाक्याची ओढ

टाका घातल्यावर दोरा किती ओढावा, याचे उत्तर दोन शब्दांत द्यावयाचे तर ‘टेकेपर्यंतच’. दोरा वस्त्राला टेकला की हात थांबला पाहिजे. रेशमी दोरा लवचीक असल्याने जोराने ओढला असता लांबतो, त्याच स्थितीत शिवणीत अडकतो आणि नंतर हळूहळू आखडतो. आखडताना तो बरोबर वस्त्रालाही ओढून घेतो. शिवणीवर बारीक चुण्या पडतात त्या यामुळे. शिवल्या वेळी सपाट दिसलेली शिवण दुसऱ्या दिवशी आकसलेली दिसते, हे याच आखडण्याचे फळ होय.

टाक्यांच्या अंतराचाही विचार करावा लागतो. २० सेंटिमीटर लांबीच्या शिवणीवर २ किलोग्रॅम ओढ आली आणि तीत एक सेंटिमीटर अंतराने २० टाके असले, तर सरासरीने प्रत्येक टाक्याला १०० ग्रॅम भार पेलावा लागतो. अंतर अर्ध्या सेंटिमीटरावर आणले, तर टाके ४० होऊन प्रत्येकाचा वाटा ५० ग्रॅमवर येतो. पण टाके फार जवळ घातले, तर छिद्रेही जवळजवळ पडतात आणि कागदावर सुईने टोचून आखलेल्या रेषेप्रमाणे वस्त्र त्या रेषेवरच फाटू पाहते. म्हणून टाका लहान असावा, परंतु दोन छिद्रांच्या मधले धागे अखंड राहतील इतके अंतर त्यांत सुटावे.

आरंभी दोऱ्याला गाठ मारणेही तलम रेशमावर इष्ट नव्हे. गाठीमुळे सर्व ओढ एका बिंदूवर एकवटते. एकतर ती गाठ विणीतून आरपार निघते किंवा तेथे भोक पाडते. तिच्याऐवजी एकाच जागी दोन-तीन बारीक उलटे टाके घालून दोरा अडकवावा.

सरकणाऱ्या धाग्यांचा बंदोबस्त

कापलेल्या रेशमाच्या कडेचे धागे भराभर सुटतात, आणि शिवणीवर ओढ आली की विणीतील धागे टाक्यापासून दूर सरकून तेथे फट दिसू लागते. दोरा शाबूत, धागेही शाबूत, आणि तरी शिवण उघडी पडलेली, अशी ही अवस्था. यावर दुहेरी शिवण हा उत्तम उपाय आहे. प्रथम दोन तुकड्यांच्या उलट बाजू एकमेकींना लावून कडेलगत बारीक शिवण घालावी. सुटलेले धागे कातरून टाकावेत. मग कापड उलटवून सुलट बाजू आत घ्याव्यात आणि पहिली कड पूर्णपणे आत बंद होईल अशी दुसरी शिवण घालावी. कापलेली कड अशा रीतीने दोन शिवणींच्या मध्ये कोंडली जाते. तिला बाहेरचे घर्षण लागत नाही आणि ओढही दोन ओळींत विभागते.

जरीच्या काठावर अधिक सावधगिरी हवी. खऱ्या जरीत रेशमी किंवा सुती धाग्याभोवती चांदीची चपटी केलेली अतिसूक्ष्म तार गुंडाळलेली असते. सुई त्या तारेत शिरली तर तार तुटून तिची टोके वर येतात आणि शेजारच्या रेशमाला कापू लागतात. पैठणी असो, बनारसी असो वा कांचीपुरमची साडी असो, काठावर टाका घालताना सुई जरीच्या दोन धाग्यांमधूनच न्यावी.

फॉल आणि पैंजण

या सर्व तत्त्वांची कसोटी साडीच्या फॉलवर लागते. भारतात रेशमी वस्त्रावर पडणारा सर्वांत नित्याचा टाका हाच होय. फॉल ही बहुधा सुती पट्टी. ती कोरी असताना तशीच शिवली, तर पहिल्या ओल्या स्पर्शाने आटते. रेशीम तितके आटत नाही. आणि काठ जन्मभर चुणलेला राहतो. म्हणून पट्टी आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतली पाहिजे.

पट्टीची कड हाताने शिवताना सुईने साडीचे एक किंवा दोनच धागे उचलावेत आणि दोरा किंचित सैल ठेवावा. चालताना पैंजणाची कडी किंवा जोडवे फॉलमध्ये अडकते, तेव्हा या सैलपणाचे मोल कळते. सैल टाका थोडा सरकतो आणि शेजारच्या चार-सहा टाक्यांना आपला भार वाटून देतो. ओढ त्याहून अधिक असेल तर बारीक रेशमी दोरा तुटतो, वीतभर फॉल सुटतो, आणि साडी वाचते. तीच पट्टी घट्ट, चिवट दोऱ्याने शिवलेली असेल, तर पैंजणाची सगळी ओढ एका टाक्यावर येते आणि साडीला खोंबारा पडतो. फॉल सुटलेला पाहून शिवणकाम कच्चे झाले, असा ग्रह करून घेण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्या टाक्याने आपले काम केलेले असते.

जुने रेशीम

जीर्ण रेशमाच्या जतनात हेच तत्त्व अधिक कसोशीने पाळावे लागते. अहमदाबाद येथे १९४९ साली स्थापन झालेल्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयासारख्या संस्थांनी भारताची जुनी वस्त्रे जपली आहेत. वस्त्रजतनाच्या मान्य पद्धतीत विरलेल्या भागाखाली त्याच रंगाचे नवे पातळ कापड आधार म्हणून ठेवतात. मग केसासारख्या बारीक रेशमी धाग्याने, शाबूत विणीतून सुई नेऊन, समांतर लांब टाक्यांनी जीर्ण भाग त्या आधाराशी सैलसर बांधतात. भार नव्या कापडाने घ्यावयाचा, जुन्याने केवळ विसावावयाचे, ही त्यातील कल्पना. पुढे अधिक चांगला उपाय सापडला, तर कोणतीही इजा न करता हे टाके काढून घेता येतील, असेच ते घातलेले असतात.

काही जुने रेशीम मात्र कोणत्याही टाक्याला दाद देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत, सेरिसिन गेल्याने कमी झालेले वजन भरून काढण्यासाठी रेशमाला कथिलासारख्या धातूंच्या क्षारांचे पुट देत असत. वस्त्र जड व भारदस्त दिसे. पण त्या क्षारांमुळे तंतू ठिसूळ होत गेले आणि अशी वस्त्रे आज घडीघडीवर आपोआप चिरफाळतात. त्यांना सुई लावणे म्हणजे नवी भेग पाडणेच होय.

याच्या उलट, प्रकाश व घर्षण यांपासून बचावलेले रेशीम किती टिकते, याची साक्ष पुराणवस्तूंनी दिली आहे. हडप्पा आणि चन्हुदडो येथील अलंकारांत व मण्यांत, इ. स. पूर्वी सुमारे २४५० ते २००० या काळातील वन्य रेशमाचे धागे ओळखण्यात आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. चीनमधील चांगशा शहराजवळ मावांगद्वेई येथे १९७२ साली उघडलेल्या, कोळसा व पांढऱ्या मातीच्या थरांनी हवाबंद झालेल्या थडग्यात दोन हजार वर्षांहून जुना पारदर्शक रेशमाचा पायघोळ अंगरखा मिळाला. लांब बाह्यांच्या त्या सबंध अंगरख्याचे वजन अवघे ४९ ग्रॅम आहे. तो हातानेच शिवलेला आहे, आणि एवढ्या तलम वस्त्राच्या शिवणी आजही त्याला धरून आहेत.

घरोघरी तशी हवाबंद जागा नसते, आणि वस्त्र नेसण्यासाठीच असते. तरी रेशमी साडी मऊ सुती कापडात गुंडाळून अंधारात ठेवणे, वर्षातून दोनदा तिची घडी बदलणे, घाम लागला असल्यास न सुकवता पेटीत न ठेवणे, आणि चिवट दोऱ्याचा जुना फॉल वेळीच उसवून बारीक रेशमी दोऱ्याने पुन्हा शिवणे, एवढे कोणालाही करता येईल. उसवताना दोरा ओढू नये. प्रत्येक टाका बारीक कात्रीने कापावा. रेशमावरचा टाका वस्त्राला धरून ठेवण्याइतका मजबूत असावा आणि प्रसंग आला असता वस्त्रासाठी तुटण्याइतका दुबळाही असावा. असा टाका असला, तर आजीची साडी नातीला नेसता येते.